काळी एक

आमच्याकडं कडबाकुट्टीत बोट गेलेला माणूस प्रत्येक वाडीत एक तरी सापडतो. त्यामुळं हेवी मेटल हे संगीत मला कधी परकं वाटलं नाही. हे संगीत ज्यांच्यापासून सुरू झालं असं मानतात, त्या ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. 1965 साली यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. गड्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि पुढं बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून गिटारच्या ताराच सैल सोडल्या. 1971 च्या त्यांच्या तिसऱ्या अल्बमातल्या बऱ्याच गाण्यांत त्या तीन पट्ट्या खाली आहेत. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी तीनवरून काळी एकवर. आवाज जड झाला, काळाकुट्ट झाला आणि जगभरच्या पोरांनी तोच उचलला. कृष्णाकाठच्या आमच्या गावात मी उचलला.

या संगीतात पुष्कळदा दोन गळे असतात. एक घशातून खरवडून काढलेला, पिसाळलेल्या जनावरासारखा. दुसरा साधा, स्वच्छ, सुरात गाणारा. त्याला क्लीन म्हणतात. खरवडलेला गळा माझ्याकडं आहे. शिवारात रानडुकरं हाकलून हाकलून तो तयार झालाय, असं आई म्हणते. पण स्वच्छ गळा माझा नव्हं. तो आमच्या घरात एकाच माणसाकडं होता, आत्याकडं.

आत्या पंचमीला पंधरा दिवस माहेरी येते. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, पण ओव्या तिच्या तोंडात राहिल्या. गी प्वात्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या. आमच्या गावापर्यंत काही ते आले नसावेत. आत्याची एक ओवी तर तिनं स्वतःच बांधलेली. त्यात भावाच्या अंगणातनं निघणाऱ्या वाटा ती मोजते. मळ्याची, विहिरीची, देवळाची, सासरची. आणि शेवटी तोच शब्द फिरवून विचारते, की एवढ्या वाटांत माझा वाटा कुठला.

ही ओवी कशावरनं आली ते घरात सगळ्यांना ठाऊक. 2005 साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढा हक्क आला. त्यानंतर चार वर्षांनी आत्यानं हक्कसोडपत्रावर सही केली. त्या दिवशी तिला साडी-चोळी झाली, जेवण झालं. भांडण कधीच झालं नाही. फक्त ओवी झाली.

"ही वोवी घेऊ का गाण्यात?" मी विचारलं.

ती बराच वेळ निवडलेल्या तांदळाकडं बघत राहिली. "घे," म्हणाली. "पर माजा आवाज धुनं धुतल्यागत धुऊ नगंस."

रेकॉर्डिंगला आमचं माजघर म्हणजे देवानं दिलेली जागा. मातीच्या जाड भिंती, एका बाजूला जोंधळ्याची पोती, दुसऱ्या बाजूला गोधड्यांची चळत. टाळी वाजवली तर तिथल्या तिथं विरते, घुमत नाही. माईक मी डायनॅमिक जातीचा वापरतो. कंडेन्सर माईक फार हळवा, त्यात गोठ्यातली म्हैससुद्धा गाते. डायनॅमिक माईक जवळचं ऐकतो, लांबचं फारसं मनावर घेत नाही. शिवाय तो पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो, म्हणून त्याची पाठ दाराकडं केली. भरतकामाच्या रिंगणावर आईचा जुना नायलॉनचा मोजा ताणून माईकपुढं बांधला, म्हणजे 'प' आणि 'भ'ची फुंकर थेट आत जात नाही. आत्या माईकपासून एक वीत लांब बसली, आणि तिच्या पाठीमागं मी घोंगडं टांगलं.

वेळ निवडली दुपारी दोनची. पहाट शांत असते ही शहरातल्या माणसांची समजूत. पहाटे भोंगा असतो, कोंबडा असतो, दुधाची गाडी असते. दुपारी गाव जेवून पडलेलं असतं. पंखा बंद केला. लॅपटॉपचा चार्जर काढला, कारण आमच्या घराच्या अर्थिंगचा भरवसा नाही आणि लाईटीची 50 हर्ट्झची गुणगुण तारेतून आवाजात उतरते. मीटरचा काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील एवढाच आवाज आत घेतला. वर जागा ठेवलेली बरी. कारण आत्या कुठल्या शब्दावर कढ आणेल, ते तिचं तिलाही माहीत नसतं.

तिला दमा आहे. एका दुपारी तीनदाच गायची, असं ठरलं. चार दिवसांत बारा वेळा गाऊन झालं.

तिची पट्टी पेटीवर धरून बघितली तर निघाली काळी एक. मी गिटार आयोमीसारखी तीन पट्ट्या उतरवूनच वाजवतो. म्हणजे तिच्यासाठी एक तारही हलवावी लागली नाही.

खरी अडचण होती गंधाराची. आत्याचा गंधार ना पेटीच्या कोमल पट्टीवर बसतो, ना शुद्ध. मधेच कुठंतरी, वळचणीला उभा राहतो. आजकाल सूर नीट करणारी सॉफ्टवेअरं आहेत. ती असा गंधार पकडतात आणि जवळच्या पट्टीवर नेऊन बसवतात. पण हेवी संगीतात गिटार बहुतेक वेळा पॉवर कॉर्ड वाजवते, म्हणजे नुसता सा आणि प. तिसरा सूर त्यात नसतोच. म्हणजे आत्याच्या गंधाराशी भांडायला तिथं कोणी नव्हतं. तो होता तसा ठेवला. श्वासही ठेवले, फक्त थोडे हलके केले. धुनं धुतलं नाही.

मग मिक्सिंग. 90 हर्ट्झच्या खालचं सगळं तिच्या आवाजातून काढलं. तिथं तिचा गळा नव्हता, नुसती जमिनीची घरघर होती. 300 च्या आसपास माजघराचा कोंदटपणा होता, तो जरा उतरवला. एकाच कॉम्प्रेसरनं आवाज जोरात दाबण्यापेक्षा दोन लावले, दोघांनी थोडंथोडं दाबलं. त्यामुळं कुजबुज वर आली आणि कढ फुटला नाही. दोन गिटारी एकदम डावीकडं आणि उजवीकडं सारल्या, मधली वाट आत्याला मोकळी ठेवली. मोठ्या देवळागत घुमणारा रिव्हर्ब टाळला. एवढ्या दाट गाण्यात घुमारा म्हणजे चिखलात पाणी. त्याऐवजी बारीकसा डीले दिला.

एवढं करूनही शेवटचा शब्द ऐकू येईना. 'वाटा' पहिल्यांदा येतो तेव्हा गिटार गप्प असते, स्वच्छ कळतो. दुसऱ्यांदा येतो नेमका सगळी वाद्यं एकदम कोसळतात तिथं. 'ट'ची धार साधारण 2 ते 4 हजार हर्ट्झच्या मध्ये असते. माणसाचा कान तिथंच सगळ्यात तिखट, आणि गिटारची करवतही तिथंच चालते. 'वा…आ' एवढंच उरत होतं. वाटलं तर तो कुणाला नुसता आलाप वाटला असता. घरासाठी ते सोयीचंच होतं. मिक्सिंग करणाऱ्यानं काही न करणं हीसुद्धा एक बाजू घेणंच असतं.

मी आत्याला हेडफोन लावून ऐकवलं. ती म्हणाली, "शेवटचं गिळलं की रं ह्यानी."

नुसता आवाज मोठा करून भागत नाही. मग तो गाण्याच्या बाहेर उभा राहतो, दुसऱ्याच्या वरातीत शिरलेल्या माणसासारखा. आवाज वर आणायचा तर बाकीच्यांनी खाली बसावं लागतं. हे मी आण्णांकडं बघत लहानाचा मोठा झालोय. आण्णा भजनी मंडळात टाळकरी. बुवा अवघड जागी आले की आण्णा टाळ तळव्यात दाबून धरतात, नाद मरतो, शब्द पुढं जातो. तेच केलं. त्या एका शब्दापुरता गिटारींचा 3 हजार हर्ट्झचा भाग चार डेसिबल खाली घेतला. शब्द संपला की पुन्हा वर. ऐकणाऱ्याला गिटार दबल्याचं कळतही नाही, शब्द कळतो.

आण्णांनी ते संध्याकाळी ऐकलं. मी लावलं नव्हतं, त्यांनीच मागितलं. माझ्या खरवडण्याला तोंड वाकडं केलं, आत्याच्या ओवीला मान खाली घातली. गाणं संपलं. रात्री थ्री फेज लाईट येणार होती, मोटर चालू करायला जायचं होतं. बॅटरी घेऊन ते उठले, दारात थांबले.

"त्या शेवटच्या जागी अजून दाबाय पायजे टाळ," म्हणाले आणि गेले.

मी गिटार आणखी दीड डेसिबल खाली घेतली.

सातबाऱ्यावर अजून तीच नावं आहेत. आत्या सासरी परत गेली, गाणं तिच्या भाच्याबरोबर म्हणजे माझ्याबरोबर इंटरनेटवर गेलं. फोनच्या इवल्या स्पीकरवर गिटारचा खालचा जडपणा उरतच नाही, उरतो तो मधला पट्टा, जिथं गळा असतो. आत्यानं खुरपणीला गेल्यावर ते बांधावर लावलं. बायका आधी माझ्या ओरडण्याला हसल्या, म्हणे. मग गप्प झाल्या. शेवटची ओळ त्यांनी तीनदा लावायला लावली.