चार देश, एक लाल जर्सी

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना ज्यांनी पाहिलाय, त्यांनी क्षणभर कल्पना करावी. दोन्हीकडची पोरं एकाच रंगाची जर्सी घालून उतरलीत आणि दोन्ही पेठा मिळून त्यांच्या नावानं ओरडताहेत! छे, शक्यच नाही. पण २०१७ च्या जून-जुलैत न्यूझीलंडमध्ये मी अगदी हेच बघत होते, आणि तेही चार देशांचं.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड. एरवी दरवर्षी रग्बीच्या मैदानावर एकमेकांच्या बरगड्या मोजणारे हे शेजारी. दर चार वर्षांनी त्यांच्यातले निवडक गडी एकत्र येतात आणि ब्रिटिश अँड आयरिश लायन्स हा संघ उभा राहतो. आयर्लंडचे तर सीमेच्या अलीकडचे-पलीकडचे दोन्ही. दौरा आटोपला की संघ मोडतो, जो तो आपल्या घरी. पहिला दौरा झाला तो १८८८ साली! जर्सी लाल, वेल्सची. चड्डी पांढरी, इंग्लंडची. मोजे गडद निळे, स्कॉटलंडचे, आणि गुडघ्याखाली त्या मोज्यांचा वरचा काठ हिरवा, आयर्लंडचा. खेळाडू चिखलात लोळून उठला तरी माझी नजर आधी त्या हिरव्या काठाकडे जायची.

रोटोरुआत माओरी ऑल ब्लॅक्सशी सामना होता. काय गाव आहे ते! बागेतल्या झुडपांआडून जमिनीची वाफ निघतेय, हवेत गंधकाचा उग्र वास, आणि त्या वाफेतून लाल जॅकेटं घातलेले लोक गात चाललेत. लायन्सनी तो सामना ३२-१० असा जिंकला.

पण खरा थरार १ जुलैला वेलिंग्टनमध्ये, न्यूझीलंडविरुद्धच्या दुसऱ्या कसोटीत. ऐन हिवाळा, अंगात शिरणारा वारा, वर पाऊस. तरी स्टेडियमकडे जाणारे रस्ते लालेलाल! कार्डिफचे, डब्लिनचे, एडिनबराचे लोक, सात समुद्र ओलांडून आलेले, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून ‘लायन्स, लायन्स’ असा लांबलचक सूर लावताहेत.

आणि मग हाका, माओरींचं युद्धनृत्य. काळ्या जर्सीतले ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडचा संघ, गुडघ्यात वाकतात, मांडीवर थाप पडते, डोळे वटारले जातात, जिभा बाहेर येतात. गंगावेश तालमीतल्या पैलवानानं शड्डू ठोकला की छातीत जसं धस्स होतं, तसंच झालं; फक्त इथे शड्डू ठोकणारा अख्खा संघ. समोर लायन्स एका ओळीत, जागचे हलत नाहीत.

खेळ सुरू झाला. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ धिप्पाड गडी खांद्याला खांदा भिडवतात आणि त्या ढिगातून, दिव्यांच्या झोतात, घामाची वाफ वर चढते! पंचविसाव्या मिनिटाला सॉनी बिल विल्यम्सला लाल कार्ड. न्यूझीलंडचे चौदाच उरले, तरी बोडेन बॅरेट पेनल्टीमागून पेनल्टी मारत होता; एकूण सात मारल्या त्यानं. मग लायन्सकडून फालेटाऊची ट्राय, मरेची ट्राय, २१-२१. शेवटची तीन मिनिटं उरलेली असताना ओवेन फॅरेल चेंडू ठेवतो. पाऊस. किक. २४-२१! २००९ पासून मायदेशी न हरलेला संघ हरला होता, आणि माझ्या शेजारची अनोळखी आयरिश बाई मला मिठी मारून रडत होती.

ऑकलंडची पहिली कसोटी न्यूझीलंडनं जिंकली होती, म्हणजे बरोबरी. निकाल ८ जुलैला, ईडन पार्कवर. आणि तिथे काय व्हावं? अगदी शेवटी लायन्सच्या ऑफसाइडवरून न्यूझीलंडला पेनल्टी मिळते, पंच विचार बदलतात, स्क्रम देतात, आणि सामना १५-१५! मालिकाही बरोबरीत. दोन्ही कर्णधारांनी, कीरन रीड आणि सॅम वॉरबर्टननं, मिळून करंडक उचलला. मग दोन्ही संघ एकमेकांत मिसळून फोटोला बसले, लाल-काळे, काळे-लाल. इतका अटीतटीचा खेळ आणि त्याचा असा शेवट मी दुसरा पाहिलेला नाही.

न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशी पाळी असल्यानं लायन्स एकेका देशात बारा वर्षांनीच परततात. नरसोबाच्या वाडीच्या कन्यागतासारखंच हे! ईडन पार्कबाहेर वेल्सचे एक आजोबा आणि एक माओरी पोरगा त्या ऑफसाइडवरून तावातावानं भांडत होते, आणि चिप्स मात्र एकाच पुड्यातून खात होते.