अब्बांचा ब्लॉक

रविवारी फजरची नमाज आटोपून आम्ही तळेगावहून कामशेतकडे निघालो. सोबत भाचा होता आणि मागच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेले सिलिंडर हेड. मावळात लावणी सुरू होती. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना इंद्रायणी भाताची खाचरे पाण्याने भरली होती आणि बायका इरली पांघरून ओणव्या झाल्या होत्या. द्रुतगती मार्ग झाल्यापासून हा रस्ता निवांत झाला आहे. पण आमच्यासाठी तो अजून अब्बांचाच रस्ता आहे.

अब्बा दादर-पुणे टॅक्सी चालवत. फियाट गाडी. कुर्ल्याच्या कारखान्यात ही ११०० डिलाइट १९६४ पासून बनू लागली आणि पुढे तिला पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद जेमतेम चाळीस घोड्यांची. एवढ्यावर चार प्रवासी आणि टपावरचे सामान घेऊन बोरघाट चढायचा. खंडाळ्याला पोहोचेपर्यंत रेडिएटर उकळू लागायचा. अब्बा बाजूला थांबत, बॉनेट उघडत आणि इंजिन निवेपर्यंत प्रवाशांना चहा पाजत. टॅक्सी सोडल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक जुनी पद्मिनी घेतली. त्यांच्या इंतकालनंतर ती दहा वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती.

भाच्याने तिच्यावरची ताडपत्री काढली तेव्हा आम्हाला आनंद झाला. त्याचा इरादा कळल्यावर मात्र काळजी वाटली. “मामू, मला ही ड्रॅगला पळवायची आहे.”

ड्रॅग म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, जो आधी कापेल तो जिंकला. वळण नाही, घाट नाही. आपल्याकडे लोणावळ्याहून वीस-पंचवीस किलोमीटरवर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ नावाने अशा शर्यती भरल्या आहेत. तिकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर एके काळी फियाटच पळत. म्हणजे पोराचे वेड अगदीच बिनबुडाचे नव्हते.

कामशेतच्या गॅरेजात मिस्त्रींनी इंजिन आधीच खोलून ठेवले होते. भाच्याने खिशातून यादी काढली. मोठे पिस्टन, दोन कार्बोरेटर, तेज कॅमशाफ्ट, हलके फ्लायव्हील. मिस्त्रींनी यादीकडे पाहिलेसुद्धा नाही.

“आधी माप, मग बाजार,” ते म्हणाले.

त्यांनी सिलिंडरमध्ये बोअर गेज उतरवला. मूळ माप ६८ मिलिमीटर. अब्बांनी दोनदा बोअर करून घेतले होते, त्यामुळे आता ते ६९ च्याही पुढे गेले होते. शिवाय वरच्या बाजूला झीज जास्त, खाली कमी. “सर, या भिंतीत आता जागा नाही. अजून खरवडलं तर चालेल, पण रेसला ताण आला की तडा जाईल. स्लीव्ह घालून घरच्या वापराला ब्लॉक उत्तम आहे.”

भाचा गप्प झाला. आम्हीही. त्या ब्लॉकवर अब्बांच्या हाताचा जुना पिवळा रंग अजून होता.

मग मिस्त्रींनी एकेका भागाचे गणित समजावले. आम्ही शाळेत शिकवतो, पण त्या दिवशी बाकावर बसलो. पिस्टन मापानंतरच घ्यायचे, आणि ते हातात आल्यावर त्यांच्याच मापाला बोअर करायचे. क्रँकला तीनच मेन बेअरिंगांचा आधार आहे, म्हणून फेरे फार वाढवायचा हट्ट नको. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट जुने वापरायचे नाहीत, कितीही चांगले दिसले तरी. चारही पिस्टन आणि रॉड तोलून सारख्या वजनाचे करायचे. हेड घासले की कॉम्प्रेशन वाढते, ताकद वाढते. पण जास्त घासले तर साध्या पेट्रोलवर इंजिन ठोके देते आणि पिस्टन वितळतो. फ्लायव्हील फार हलके केले तर उभ्या जागेवरून सुटताना गाडी मान टाकते. कॅमशाफ्ट शेवटी, कारण हवा आत-बाहेर नेणारे बाकीचे भाग तिला साजेसे नसतील तर तो पैसा पाण्यात.

“आणि ब्रेक?” आम्ही विचारले. यादीत ब्रेक नव्हते.

परतण्याआधी आम्ही भाच्याला लोणावळ्याच्या पुढे नेले. आयएनएस शिवाजी मागे टाकून, धुक्यातून, अँबी व्हॅलीच्या रस्त्याने. लायन्स पॉइंटला भजी घेतली. तिथे त्याने कबूल केले की मित्रांनी येत्या हिवाळ्यात रात्री बाराला जुन्या हायवेवर शर्यत ठरवली आहे. धावपट्टीची फी कोण भरणार?

आम्ही त्याला आमच्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. दहावीला वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. असाच रात्री मोटारसायकल पळवायला गेला. समोरून उसाची ट्रॉली आली, तिला मागे दिवा नव्हता. आज तो काठी घेऊन चालतो. त्याची आई अजून आमच्याशी नजर भिडवत नाही, जणू आम्हीच काही शिकवायचे राहून गेले होते.

भाचा बराच वेळ दरीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मग इंजिनच करू नको का?”

“कर. पण धावपट्टीसाठी कर. फीचे अर्धे पैसे आमचे.”

कुर्ल्याला भंगारात एक ब्लॉक मिळाला, भंगारात निघालेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तिच्या बहिणींचे सुटे भाग अजून फिरत आहेत. तो मूळ मापाच्या जवळ आहे. इंजिन नंबर बदलणार म्हणून आरटीओत आरसी बुकावर नोंद करायला अर्ज दिला आहे. भाच्याने कॅमशाफ्टचे पैसे मागे ठेवले आणि ब्रेकचे नवे सिलिंडर, होज आणि सीटबेल्ट घेतले. हेल्मेट ईदीतून येईल, असे त्याच्या अम्मीने सांगितले.

अब्बांचा ब्लॉक मिस्त्रींनी तेल लावून पिशवीत बांधून दिला. स्लीव्ह घालायला पैसे जमेपर्यंत तो आमच्या बैठकीत, पुस्तकांच्या कपाटाखाली आहे. पाहुणे विचारतात, हे काय? भाचा उत्तर देतो, “नानांचं इंजिन. पुन्हा घाट चढायचाय त्याला.”