अम्माची फुंकणी

आमची भाची पुण्याला असते. दोन वर्षांपूर्वी रमजान ईदला ती कारंज्याला आली, ती कोरी वही सोबत घेऊन. नानी भांडी कशानं घासायची, केस कशानं धुवायची, जुन्या कपड्यांचं काय करायची, हे तिला सगळं लिहून घ्यायचं होतं. पुण्यात तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी घरातून प्लास्टिक हद्दपार केलं आहे. रिठ्याच्या पाण्यानं कपडे धुतात, बांबूचा ब्रश वापरतात. ब्रशची किंमत ऐकून आम्ही तिघे भाऊ हसलो. अम्माचा ब्रश म्हणजे मशिदीमागच्या लिंबाची काडी. तीही ती एका वेळी एकच तोडू द्यायची. झाडाला उगीच बोडकं करायचं नाही, हा तिचा दंडक.

पण भाची मनापासून विचारत होती. अम्माला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घरात तिच्याविषयी इतकं सलग कुणी बोललं नव्हतं. आम्हीही रंगात येऊन सांगायला लागलो.

आम्ही पिंजारी. आमच्या नात्यात कुणी मन्सुरी लावतं, कुणी नद्दाफ. कारंजा कापसाचा गाव, बाजारपेठ मोठी. जिनिंगमध्ये कापसाची रुई व्हायची, पण अब्बांचं काम लोकांच्या घरातल्या जुन्या रुईशी. खांद्यावर धनुकली टाकून ते खेड्यांतून फिरायचे. कधी पायी, तर कधी यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला गाडीनं. आता ती गाडीही बंद पडली. गादी चार-पाच वर्षांत दबून दगडासारखी होते. अब्बा ती उसवायचे, रुई उन्हात टाकायचे, काठीनं झोडायचे आणि मग ताँय-ताँय करत तात वाजायला लागायची. घट्ट गठ्ठ्यांचा ढगासारखा ढीग व्हायचा. त्याच रुईची, धुतलेल्या त्याच खोळीत पुन्हा गादी. काही रुई धूळ होऊन जायची, तेवढी नवी घालायची. एका गादीवर आजोबा, बाप आणि नातू झोपलेले आम्ही पाहिले आहेत. आमचं पोटच लोकांच्या काटकसरीवर चालायचं. मग आमच्या घरात उधळपट्टी कुठून येणार?

अब्बांची लुंगी विरली की तिची पाळण्याची झोळी व्हायची. झोळी फाटली की दस्तरखान उचलल्यावर पुसायचं फडकं. फडकं झिजलं की चुलीवरचं भांडं उतरवायचं पोतेरं. शेवटी उरलेली चिंधी कंदिलाच्या काचेत फिरायची. अम्माच्या लुगड्यांची गोधडी व्हायची आणि त्या गोधडीत आत कोणतं लुगडं कुठल्या ईदचं, ते ती बोटानं दाखवायची. शिळ्या पोळीचा गूळ घालून मलीदा. भांड्यांना चुलीतली राख. अंगणात शेणाचा सडा. पण घरात ज्या कोपऱ्यात नमाज पढायची, तिथं शेण नाही, पांढऱ्या मातीचा हात फिरवायचा. पाकीचा प्रश्न होता. बकरी ईदच्या गोश्ताचे तीन वाटे. आमच्या वाट्यातलं मीठ-हळद लावून दोरीवर वाळायचं आणि पावसाळ्यात आंबाडीच्या भाजीत थोडं थोडं पडायचं.

पाण्याच्या बाबतीत ती सगळ्यांत कडक. प्रत्येकाचा वुजूचा लोटा ठरलेला. दुसऱ्यांदा भरायला गेलं की मागून आवाज यायचा, "उपर पानी का बी हिसाब देना पडता रे." हदीसमध्ये आहे की पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करायचे आणि एक सा ते पाच मुद्द पाण्यात आंघोळ. चार मुद्दांचा एक सा. मुद्द म्हणजे दोन हातांची भरलेली ओंजळ, हल्लीच्या मापात लिटरपेक्षा कमीच. अम्माला ही मापं ठाऊक नव्हती. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की विहिरीवरून आपल्याकडं दोन घागरी येतात. वुजूचं पाणी वाहून जाई तिथं तिनं आळूचा वाफा आणि कढीपत्ता लावला होता.

भाची भराभर लिहीत होती. मध्येच म्हणाली, "मामू, तुम्ही तेव्हाच सगळं नैसर्गिक जगत होता!" आम्हालाही बरं वाटलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरून फुंकणी घेऊन आली. लोखंडी नळी, एका टोकाला काळी झालेली. "ही मी घेऊन जाऊ? भिंतीवर छान दिसेल."

आम्ही तिघेही गप्प झालो.

आमच्याकडं गॅस १९९६ साली आला. तेव्हा नंबर लावावा लागायचा, तो बरीच वर्षं लावलेला होता. शेगडी घरात आली त्या दिवशी अब्बांनी पेढे वाटले. अम्मानं तिच्यावर भरतकामाचं कापड घातलं. पाहुणे आले की चहापुरतं ते निघायचं, रमजानमध्ये सहेरीला निघायचं, बाकी वर्षभर कापड तसंच. एक सिलिंडर सात-आठ महिने जायचा आणि हे आम्ही कौतुकानं सांगायचो. शेजारणी आपल्या सुनांना अम्माचा दाखला द्यायच्या. अब्बांच्या हिशोबाच्या वहीत "गॅस बचत" असा वेगळा रकाना होता. तो रकाना कशात जायचा? थोरल्याची डी.एड.ची फी, मधल्याचं आयटीआय, धाकट्याची कॉलेजची पुस्तकं. आम्ही शिकलो ते त्या रकान्यातून, हे तेव्हाही माहीत होतं.

तोवर सरपण फुकट होतं, असं आम्ही म्हणायचो. कापूस निघाला की वावरात पऱ्हाट्या उभ्या राहायच्या. अब्बांची ओळख गावोगाव होती. कुणी तरी माय म्हणायची, "भाभी, पऱ्हाट्या उपटल्या आहेत, घेऊन जा वो." तुरीच्या तुराट्या मिळायच्या, गोवऱ्यांसाठी शेण मिळायचं. हे सगळं कापूस आणि ज्वारीच्या शेतीतून येत होतं. ज्वारीचा कडबा होता म्हणून घरोघर ढोरं होती, ढोरं होती म्हणून शेण होतं. नव्वदच्या दशकात आमच्याकडं सोयाबीन पसरलं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, तोवर वावरांचा रंगच बदलायला लागला होता. सोयाबीननं शेतकऱ्याच्या हातात दिवाळीआधी पैसा दिला, त्याला दोष देता येत नाही. पण सोयाबीनचं उरतं ते कुटार. त्यावर भाकर भाजत नाही. ज्वारी मागं हटली तसा कडबा गेला, ढोरं विकली गेली, शेण दुर्मिळ झालं. कापूस कमी झाला तशा पऱ्हाट्याही विकत घ्यायची वेळ आली. मग अम्मा बाभळीच्या ओल्या काट्या, भुसा, पुठ्ठे, मिळेल ते चुलीत घालू लागली. काटकसर तिची तीच होती, तिच्या खालचं शेत निघून गेलं होतं. पावसाळ्यात स्वयंपाकघर धुरानं भरून जायचं. आम्ही ओसरीवर ताट घेऊन बसायचो आणि आतून फुंकणीचा आवाज आणि खोकला यायचा. आधी फुंकणी, मग खोकला, मग भाकर. आम्हाला तो क्रम इतका सवयीचा झाला होता की कुणी उठलं नाही.

एक खरं सांगायला हवं. आमची बहीण बारा वर्षांची झाली तेव्हा फुंकणी तिच्या हातात गेली. आम्ही तिघांनी ती कधी तोंडाला लावली नाही. सादगी घराची होती, धूर दोघींचा होता. बहिणीनं पुण्याच्या स्थळाला हो म्हटलं, तेव्हा मुलाची नोकरी नाही, तर घरात गॅस आहे का हे आधी विचारलं. आम्हाला ते तेव्हा थोडं लागलंसुद्धा.

२००७ च्या पावसाळ्यात अम्माला मोरीपर्यंत चालवेना. एका डॉक्टरकडं नेलं. त्यांनी छाती तपासली, फुंकायला लावलं, फोटो काढला आणि विचारलं, "या विडी ओढतात का?" अब्बा चिडले. आमच्या घरात पानसुद्धा कुणी खात नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मग चूल किती वर्षं?" अम्माच बोलली, "बचपन से." त्यांनी कागदावर सी.ओ.पी.डी. लिहिलं. वर्षानुवर्षांच्या धुरानं आतल्या नळ्या अरुंद होतात आणि त्या पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपायचं, एवढंच औषधांचं काम. घरी आल्यावर अब्बांनी शेगडीवरचं कापड काढून फेकलं. त्यांनाही रुईच्या धुळीचा खोकला होताच. पण ते कामाला बसताना नाकातोंडावर दुपट्टा बांधायचे. कमावणाऱ्याच्या छातीची काळजी घ्यायची हे घराला कळत होतं.

अम्मा पुढं चार वर्षं होती. गॅसवर स्वयंपाक करायची. पण भाकर झाली की लगेच नॉब बंद करून उरलेल्या तापलेल्या तव्यावर पापड शेकायची. औषधाच्या पंपाचे दोन झटके सांगितलेले, तर एकच घ्यायची. "महंगा है," म्हणायची. यावरून आम्ही तिच्यावर ओरडलो आहोत. ओरडताना आपण कुणाच्या बचतीवर शिकलो, हे मनात यायचं आणि आवाज आणखी चढायचा.

हे सगळं भाचीला सांगितलं. तिच्या आईनं तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तिनं फुंकणी हातातून खाली ठेवली. बराच वेळानं विचारलं, "म्हणजे हे सगळं चुकीचंच होतं?"

तसं नाही, आम्ही म्हणालो आणि तिघांनी तीन उत्तरं दिली. थोरला म्हणाला, गरिबी होती, तिला सादगी हे नाव आपण नंतर दिलं. मधल्याला हे पटलं नाही. त्याच्या मते पैसा आला असता तरी अम्मानं लोटा तोच ठेवला असता. पाण्याचा हिशोब तिच्या ईमानाचा भाग होता, कंगालीचा नाही. धाकटा म्हणाला, लोटा ठेवा, रिठा ठेवा, गोधडी ठेवा, पण ज्याला वाचवायचं असेल त्यानं स्वतःच्या अंगावर घेऊन वाचवावं. हा वाद अजून मिटलेला नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, आमच्या गल्लीत घरोघर शेगड्या आल्या. पण भाव चढला की मागच्या अंगणांतून पुन्हा धूर निघतो. मधला ते पाहून मान फिरवतो. थोरला त्या घरी जाऊन बोलतो, बहुधा पुरुषांशी.

जाताना भाचीनं वही पुन्हा उघडली आणि चुलीवरच्या भाकरीचं पान काढून टाकायला निघाली. आम्ही म्हटलं, राहू दे, त्याखाली बाकीचंही लिही. तिनं बसून लिहिलं. फुंकणी नेली नाही. नेली ती अब्बांच्या हातची एक जुनी गादी, जिच्यावर तिची आई लहानपणी झोपायची. कारंज्यात आता धनुकली वाजत नाही, मशीन आहे. मशीनवाल्यानं रुई हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, माल जुना आहे पण खरा आहे, पाव किलो नवी घालावी लागेल. पिंजून होईस्तोवर भाची दुकानासमोर उभी होती. आम्ही तिला नाकाला ओढणी लावायला सांगितलं, आणि त्या पोऱ्यालाही.