‘हा तुझा वधस्तंभ’

आमच्या बोरसीत भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी पुष्कळ. नोकरी संपली की क्वार्टर सोडावे लागते, मग इकडे घर बांधायचे. माझ्या सासऱ्यांनीही तेच केले. ते गेले आणि सासूबाई आमच्याजवळ राहिल्या. माहेर त्यांचे अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जुन्या ख्रिस्ती घराण्यातले.

आता त्या 84 वर्षांच्या आहेत. डॉक्टर स्मृतिभ्रंश म्हणतात. ह्यांना त्या कधी ‘दादा’ म्हणतात, कधी ओळखतच नाहीत. रात्री दोन वाजता उठून ‘‘देवळाला उशीर झाला, माझं पातळ कुठंय?’’ म्हणत कपाट रिकामे करतात. पण रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे गीत मी सुरू केले की पुढची कडवी न अडखळता म्हणतात. टिळक 1919 साली वारले. त्यांची गीते सासूबाईंच्या मनात मुलाच्या नावापेक्षा पक्की आहेत! आंघोळीची युक्ती मला त्यातूनच सापडली. गाणे चालू असले की त्यांना पाण्याची भीती वाटत नाही.

उपासनेनंतर भेटणाऱ्या बायका मायेने म्हणतात, ‘‘हा तुझा वधस्तंभ आहे गं, मुकाट्याने वाहा.’’ आईबापांचा मान राखण्याची आज्ञा मलाही पाठ आहे. पण ती मुलांना आहे, एकट्या सुनेला नाही. गंमत म्हणजे ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 साली झाला, त्यातही मुलगा, मुलगी, नातवंडे आहेत. सुनेचा उल्लेखच नाही. आणि वधस्तंभाचेच म्हणाल, तर त्यावरून येशूने काय केले? आपली आई शिष्याच्या हवाली केली. तेवढ्या वेदनेतही त्याने तिची सोय लावली, ती दुसऱ्याला सांगून. मग मी एका रात्रीची झोप मागितली, तर माझा विश्वास कमी कसा?

मी मागितली. ह्यांना आणि नागपूरच्या वन्संना समोर बसवून स्पष्ट बोलले. वन्सं आधी रडल्या, मग कॅलेंडर घेऊन बसल्या. आता दर तीन महिन्यांनी त्या पंधरा दिवस येतात. शुक्रवार-शनिवारची रात्र ह्यांची.

वधस्तंभाची आठवण देणाऱ्या एका बाईंनाही मी म्हटले, ‘‘बुधवारी चार ते सहा बसाल का त्यांच्याजवळ?’’ त्या क्षणभर गप्प झाल्या. पण येतात. गातात मात्र बेसूर, आणि सासूबाई रागावून त्यांची चाल दुरुस्त करतात.