लोखंड खाणारे पाणी

उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना. मराठीत मात्र गंज म्हणजे लोखंडावर चढणारा तांबूस थर. तुम्ही त्याला 'झंग' म्हणता. खजिना घरात भर घालतो. हा गंज घरातली वस्तू खाऊन टाकतो.

आमचे गाव हिवरखेड. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. माझी खाला याच पट्ट्यातील एका खेड्यात राहत असे. तिच्या घरासमोरच्या हातपंपाला सकाळी पहिले पाणी लालसर येई. पुढे पुढे तर दांडा कितीही मारला तरी हंडा भरेना. कारागिरांनी पाइप वर काढले, तेव्हा त्यांना जागोजागी छिद्रे पडलेली दिसली. वर चढणारे पाणी वाटेतच गळून जात होते. पाइप बदलेपर्यंत खाला आणि शेजारच्या बाया लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणीत.

असे का झाले? लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन या दोन्ही गोष्टी लागतात. ओल्या लोखंडावर एका जागी लोखंड झिजते, तर दुसऱ्या जागी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरला जातो. या दोन जागांमध्ये अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. खारट पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून तेथे गंजण्याचा वेग वाढतो. पाइपांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. पण जस्त संपले की लोखंडाची पाळी येते.

ॲल्युमिनियमवरही थर चढतो. तो घट्ट असल्यामुळे आतला धातू सुरक्षित राहतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे गळतात, हवा व पाणी आत शिरतात आणि झीज चालूच राहते.

तुम्ही स्वतः हे पाहू शकता. तीन बाटल्या आणि तीन साधे, चकचकीत खिळे घ्या. पहिल्या बाटलीत कोरडा खिळा ठेवून झाकण घट्ट लावा. दुसरीत खिळा अर्धा बुडेल इतके गोडे पाणी घाला. तिसरीत तेवढेच पाणी घालून त्यात चमचाभर मीठ टाका. चार-पाच दिवसांनी तिन्ही खिळ्यांची तुलना करा.

शेतीचे काम संपले की माझे अब्बा वखराची पास आणि विळे धुऊन, उन्हात कोरडे करून त्यांवर तेलाचा हात फिरवीत. तेलामुळे हवा आणि पाणी लोखंडापर्यंत पोहोचत नाही. रंगही हेच काम करतो. रासायनिक खत हाताळलेले अवजार तर त्याच दिवशी धुवावे, कारण खतातले क्षारही मिठासारखेच गंज वाढवतात.

गंज एका दिवसात काहीच मोडत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. पण एक ओला विळा पुसायला क्षणभर पुरतो. नवा विळा घ्यायला मात्र मजुरीचे पैसे मोजावे लागतात.