जेवणाचं बिल आणि मोबाईलचा रकाना

जेवण आटोपतं, बडीशेपेची वाटी टेबलावर येते आणि तिच्यामागोमाग प्रश्न येतो, ‘मोबाईल नंबर सांगता का?’ विचारणाऱ्या मुलाच्या हातात टॅब्लेट असतो, पडद्यावर नंबराचा रकाना उघडा असतो आणि तो भरल्याशिवाय बिल निघत नाही, असं त्याला शिकवलेलं असतं. बहुतेक लोक बोलणं न थांबवता दहा आकडे सांगून मोकळे होतात. मी देत नाही. हा हट्ट वाटू शकतो, म्हणून त्यामागचा विचार मांडायला हवा. हॉटेलवाल्याने नंबर कामापुरता मागावा, कशासाठी हवा ते आधी सांगावं, आणि नाही म्हणणाऱ्याचं बिल, टेबल किंवा जेवण अडवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

नंबर खरोखर लागतो अशी कामं आहेत. घरी जेवण मागवलं आणि डिलिव्हरीवाल्याला इमारत सापडली नाही, तर त्याला फोन करावा लागतो. टेबल राखून ठेवायचं असेल तर कोणासाठी आणि कुठे कळवायचं, हे हॉटेलला माहीत हवं. बिलासाठी मात्र नंबर लागत नाही. पावतीवर काय असावं, याची यादी जीएसटीच्या नियमांत दिलेली आहे: विक्रेत्याचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, पावतीचा अनुक्रमांक, तारीख, रक्कम, कर वगैरे. जीएसटी नोंदणी नसलेल्या साध्या ग्राहकाचं बिल ५०,००० रुपयांच्या आत असेल, तर त्याचं नाव-पत्तासुद्धा त्याने स्वतः सांगितलं तरच लिहायचा असतो. मोबाईल नंबर त्या यादीतच नाही. म्हणून जेव्हा ‘नंबराशिवाय सिस्टीम पुढे जात नाही’ हे उत्तर मिळतं, तेव्हा ती सक्ती सरकारची नसते. सॉफ्टवेअर तसं लावून घेतलेलं असतं, आणि ते बदलता येतं.

त्यावर नेहमीचं उत्तर असतं की, नंबरात लपवण्यासारखं आहे तरी काय, तो तर जगभर वाटलेला आहे. नुसत्या दहा आकड्यांत फार काही नाही, हे खरं. पण आपल्याकडे त्याच नंबराला बँकेचं खातं, आधार, व्हॉट्सॲप आणि यूपीआय जोडलेलं असतं. शिवाय हॉटेलच्या नोंदीत त्याला आणखी माहिती चिकटते: कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या शाखेत, किती माणसांबरोबर, किती रुपयांचं जेवण. अभिप्रायाच्या कागदावर वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस लिहिला, तर चित्र पुरं होतं. २०२१ मध्ये डॉमिनोजच्या भारतातल्या ग्राहकांची माहिती बाहेर पडली. चोरणाऱ्याने १८ कोटी ऑर्डरींचा तपशील हाती असल्याचा दावा केला आणि नंबर टाकला की त्या माणसाच्या ऑर्डरी दिसतील, अशी सोयही करून ठेवली. पैशांच्या व्यवहारांची माहिती सुरक्षित असल्याचं कंपनीने सांगितलं. पण एखादी व्यक्ती कुठे राहते आणि कधी काय मागवते, हे अनोळखी माणसाला कळणं हाच पुरेसा मोठा धोका आहे. फसवणूक करणाऱ्याच्या फोनवर आपला विश्वास बसतो, तो त्याला असले बारीकसारीक तपशील ठाऊक असतात म्हणून. मोठ्या कंपनीच्या बाबतीत हे घडू शकतं, तर कोपऱ्यावरच्या हॉटेलातला संगणक किती सुरक्षित मानायचा?

धोका नेहमी संगणकातूनच येतो असंही नाही. रविवारी रात्री चालत्या हॉटेलच्या दाराशी स्टँडवर एक वही उघडी पडलेली असते. नाव, माणसं किती, मोबाईल, असे तीन रकाने आणि दोरीला बांधलेलं पेन. आपलं नाव लिहायला वाकलं की वरच्या सगळ्यांची नावं आणि नंबर वाचता येतात, फोटो काढायलाही कोणी अडवत नाही. गल्ल्यावर नंबर मोठ्याने सांगावा लागतो, तेव्हाही मागे उभी असलेली माणसं तो ऐकत असतात. एकट्याने किंवा मैत्रिणींबरोबर जेवायला आलेल्या मुलीच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नाही. तो नंबर कोणी लिहून घेतला, तर घरी पोचेपर्यंत अनोळखी मेसेज सुरू होऊ शकतात. दाराशी थांबलेल्यांना पाळीचं टोकन देऊन किंवा नुसतं नाव पुकारून हे काम होतं.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना बजावलं की, बिलासाठी मोबाईल नंबराची सक्ती ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामासाठीची आणि बिनशर्त हवी, ती परत घेणंही देण्याइतकंच सोपं हवं, आणि संमती मागतानाची सूचना मराठीसकट राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय हवी. कायद्यातच औषधाच्या दुकानाचं उदाहरण आहे: ग्राहकाने पावती मोबाईलवर पाठवा म्हणून नंबर दिला, तर दुकानाने तो पावती पाठवण्यासाठी वापरावा. हॉटेलला हाच न्याय लावला, तर पावतीसाठी घेतलेल्या नंबरावर बिर्याणी महोत्सवाचे मेसेज पाठवण्याचा अधिकार उरत नाही. यूपीआयने पैसे देताना एखाद्याचा नंबर दिसला, तरी तेच लागू आहे.

हॉटेलमालकांची बाजू मला मनापासून पटते. ॲपवरून ऑर्डर आली की ग्राहक कोण, हे त्यांना सहसा कळत नाही. ती ओळख ॲपवाल्यांच्या हातात राहते आणि रेस्टॉरंटवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेची ही जुनी तक्रार आहे. कमिशन देऊन, भाडं आणि पगार भागवून तगून राहायचं, तर आलेलं गिऱ्हाईक पुन्हा यावं, ही इच्छा रास्तच आहे. पण ॲपवाल्यांनी केलेल्या अडवणुकीची भरपाई समोर बसलेल्या माणसाकडून करून घेणं योग्य नाही. ‘नंबर दिलात तर पुढच्या वेळी दहा टक्के सूट, महिन्यातून एक मेसेज, नको असेल तेव्हा बंद’ असं स्पष्ट सांगितलं, तर अनेक जण खुशीने देतील, आणि असा मिळालेला नंबर धंद्याच्या कामाचाही असतो. सक्तीने घेतलेल्या यादीतले लोक मेसेज न वाचता ब्लॉक करतात.

ज्याला द्यायचा नाही त्याने खोटा नंबर सांगून सुटावं, असा सल्लाही दिला जातो. मला तो पटत नाही. मनाला येतील ते दहा आकडे सांगितले, तर ते बहुधा दुसऱ्या कोणाचे तरी असतात, आणि त्रास त्या अनोळखी माणसाला होतो. शिवाय जी गोष्ट नाकारण्याचा हक्क आहे, तिच्यासाठी खोटं का बोलायचं? ज्या प्रथेमुळे सरळ माणसाला खोटं बोलावंसं वाटतं, ती प्रथाच चूक आहे. आणि सांगून टाकणाऱ्यांचीही संमती खरी म्हणता येत नाही. मागे रांग असते, सोबत पाहुणे असतात, विचारणारा मुलगा दमलेला असतो आणि रकाना रिकामा राहिला तर त्याला बोलणी बसतील, हे आपल्याला दिसतं. भिडेपोटी दिलेला नंबर हा राजीखुशीने दिलेला नसतो.

म्हणून सुधारणेची सुरुवात मालकाने करायला हवी. सॉफ्टवेअरमधला तो रकाना ऐच्छिक करून घ्यावा. मुलांना ‘नंबर सांगा’ऐवजी ‘बिल छापून देऊ की मोबाईलवर पाठवू?’ असं विचारायला शिकवावं. टेबल राखण्यासाठी घेतलेले नंबर दुसऱ्या दिवशी पुसावेत आणि दाराशी उघडी वही ठेवू नये. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही. आपण ग्राहकांनी टॅब्लेट धरलेल्या मुलावर चिडू नये, ‘नंबर नको, छापील बिल द्या’ असं शांतपणे सांगावं. तरीही अडवलं तर मालकाशी बोलावं आणि त्यानेही ऐकलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. एकट्याने नाही म्हटलं की तो विक्षिप्त ठरतो, पण टेबलाटेबलावरून हेच उत्तर यायला लागलं, तर सॉफ्टवेअर बदलून घेण्यावाचून मालकाला पर्याय राहणार नाही.