बोरीचे श्रामणेर

परभणीहून जिंतूरला जाताना रस्त्यात बोरी लागते. भोवताली कापूस-तुरीची काळी जमीन. आपली माणसे त्या जमिनीत राबतात. सातबारा मात्र बहुतेकांच्या नावे नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही येथे उतरलो, ते दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरासाठी.

मूल मोठे झाले, याची आपल्यात खूण कोणती? मुंज आपली नाही. पूर्वी काही घरांत होती ती खूण आठवली तरी अंगावर काटा येतो. नवसाचा पोर मरीआईला सोडायचा, केस वाढवायचे, हाती आसूड देऊन पोतराज करायचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि ती वाट आपण सोडली.

बोरीच्या विहारासमोर दहा-बारा वर्षांची पोरे केस उतरवायला बसली होती. आया पांढऱ्या कापडात केस झेलीत होत्या. त्याआधी भन्तेजींनी प्रत्येकाच्या आईबापांची परवानगी विचारली. हा नियम फार जुना. भगवंतांच्या सांगण्यावरून सारिपुत्तांनी सात वर्षांच्या राहुलला प्रव्रज्या दिली, तेव्हा आजोबा शुद्धोदन व्याकूळ झाले. आईबापांना विचारल्याशिवाय यापुढे कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये, हे मागणे त्यांचेच. ब्रह्मदेशात मुलाला राजपुत्रासारखे सजवून मिरवतात, मग मुंडन करतात. बोरीत मिरवणुकीला एक हलगी होती.

चीवर चढले, त्रिशरण झाले, दहा शीले घेतली. पैशाला हात लावायचा नाही, दुपारी बारानंतर जेवायचे नाही. पहिल्या संध्याकाळी पोरांचे चेहरे पाहण्यासारखे होते! पण आम्हाला गलबलून आले ते वंदनेच्या वेळी. बाप मुलापुढे वाकला. मुलाला कुठे पाहावे कळेना.

दुसऱ्या सकाळी भिक्षाटन. तेव्हा एक म्हातारे बाबा ओट्यावरून उठून आत गेले. आम्ही मागोमाग गेलो. ते म्हणाले, "येसकर पाळीला मी दारोदार शिळी भाकर मागितली. बाबासाहेबांनी ती सोडवली. आता नातवाच्या हाती पुन्हा भांडं?"

प्रश्न खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. आम्ही एवढेच म्हणालो, बाबा, भाकर मागायला तुम्हाला उंबऱ्याबाहेर थांबावे लागे, ओरडावे लागे. हा पोर काही मागत नाही. मुकाट उभा राहतो. देणारा चप्पल काढून, ताजे शिजवलेले वाढतो आणि वर हात जोडतो. बाबा बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच दारी पिठलं-भाकरी तयार होती.

मुली मात्र दारात उभ्या राहून पाहत होत्या. महाप्रजापती गौतमीने अडीच हजार वर्षांपूर्वी संघाचे दार उघडून घेतले, मग बोरीत मुलींचे शिबिर का नसावे? हे आम्ही मंडळींना तोंडावर विचारले. पुढच्या सुट्टीत पाहू म्हणाले.

आम्ही निघालो त्या सकाळी चीवर उतरवलेली तीन पोरे आईबापांसोबत पऱ्हाट्या वेचायला चालली होती. डोकी तुळतुळीत, ऊन कडक. आयांनी रुमाल बांधून दिले होते.